नत्थूजींचं हॅलो

भाऊ गेल्यावर त्याच्या कंपनीतल्या लोकांनी कॉम्प्युटरवरच शोकसभा घेतली. पडद्यावर लहान लहान चौकोनांत माणसं बसलेली, बरेच जण सूटमध्ये, एक जण बहुधा स्वयंपाकघरात. मलाही एक चौकोन मिळाला होता. प्रत्येकाने थोडं थोडं सांगितलं, आणि जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट आली, की मधुकरला त्याचं लहान गाव कधी पुरलंच नाही, त्याला जग हवं होतं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा माझा आवाज कोणाला ऐकू जाईना. मॅडम, तुमचा माइक बंद आहे, असं कोणीतरी नम्रपणे सांगितलं. मी तो चालू केला नाही. मला जे सांगायचं होतं ते त्या चौकोनात मावण्यासारखं नव्हतं, आणि ते मला इंग्रजीत सांगताही आलं नसतं. तिथे मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, मला भरून आलं आहे. तेही खोटं नव्हतं.

आमचं घर भंडारा जिल्ह्यात, मोहाडीत, बाजाराच्या रस्त्याला लागून. पुढच्या पडवीत दोन माग होते आणि त्यांवर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड निघायचं. एका मागावर बाबा स्वतः बसत. सकाळी मला जाग यायची ती त्या खटखटीने, आणि ती थांबली तर झोपेतसुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. बाबा फार कमी बोलत. दिवसभर माग बोलत असल्यावर माणसाने आणखी काय बोलायचं, असं त्यांना वाटत असावं. त्यांच्या वाट्याचं बोलणं माय बोलायची. चुलीजवळून, अंगणातून, न्हाणीतून, कुठूनही. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. भातावर लाखोळीच्या डाळीचं वरण, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि पाहुणे आले की त्याच डाळीचे वडे. पोळी आजारी माणसाला आणि नागपूरच्या माणसाला. भाऊ नागपुरात शिकला, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झाला आणि तिथेच एका कॉम्प्युटर कंपनीत लागला, तरी घरी आला की पहिला प्रश्न भात झाला का हाच असायचा. परत जायच्या दिवशी तो मायला म्हणायचा, "तिथं मेसमधी पोळीच देते वं माय. भात मांगला तं वाटीभर देते, दवाई देल्यासारखा." मला आजही वाटतं, भावाच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलायचं तर सुरुवात इथून करायला हवी.

बाबांचा कोशाचा व्यवहार नागपूरच्या व्यापाऱ्यांशी असल्यामुळे आमच्याकडे फोन होता. काळा, जड, आणि चकती नसलेला. गावाचं एक्स्चेंज हाताने चालायचं. आपण फोनचं हँडल फिरवायचं, तिकडे बोर्डावर एक झडप पडायची, आणि तिथे बसलेले नत्थूजी विचारायचे, "बोला जी." त्यांना नंबर सांगावा लागत नसे. तुमसरचे मामा पाहिजेत म्हटलं की ते सांगत, मामा तं सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याले गेले, संध्याकाळी लावून देतो. ते सगळ्यांचे फोन ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. बोलता बोलता एखादं नाव आठवलं नाही तर लोक सरळ त्यांनाच विचारत, आणि तेही लगेच सांगत. परगावचा फोन असला की दर तीन मिनिटांनी त्यांचा आवाज मध्ये येई, "हॅलो, तीन मिनिटं झाले, चालू ठेवू का?" नियम होता तसा. पण नत्थूजींच्या तोंडी तो नियम वाटत नसे. जेवणाऱ्याला आणखी भात वाढू का, असं कोणी विचारावं तसं ते विचारत.

त्या काळात भावाच्या कंपनीने जिल्ह्यातल्या काही राइस मिलचे हिशेब कॉम्प्युटरवर ठेवण्याचं काम घेतलं होतं. मिलमधून आकडे गोळा करायचे आणि नागपूरला पोचवायचे. भावाच्या साहेबाचा विचार असा, की त्यासाठी माणूस रोज बसने कशाला पाठवायचा, फोनच्या तारेवरून आकडे पाठवता आले तर पाहावं. नाही आले तर जिल्ह्याचं काम सोडून द्यायचं, आणि भावाने हैदराबादच्या हेड ऑफिसला जायचं. आले, तर त्याने मोहाडीत, आपल्या घरीच बसून काम करायचं. साहेबाने हे इतकं सहज सांगितलं होतं की भावाला ते खरं वाटेना. मायला मात्र लगेच खरं वाटलं. तिने त्याच दिवशी त्याच्या गादीचा कापूस पिंजायला दिला. हैदराबादलाही भातच खातात, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर एसटीने आला, वाकळीत गुंडाळून. त्याच्याबरोबर एक चपटा डबा होता, समोर लाल दिव्यांची रांग असलेला. तो मोडेम. तो कॉम्प्युटरचं म्हणणं आवाजात बदलून फोनवर पाठवतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाचं पुन्हा म्हणणं करतो, असं भावाने आम्हाला समजावलं. त्याला बटणं नव्हती. जे सांगायचं ते लिहून सांगायचं, इंग्रजीत, आणि प्रत्येक आज्ञेच्या आधी ए-टी ही दोन अक्षरं टाकायची. त्याचा अर्थ अटेन्शन, म्हणजे सावधान. मी बी.ए. करत होते आणि टायपिंगची परीक्षा पास झाले होते, म्हणून भावाने मला यंत्रासमोर बसवलं. फोन, तारा आणि माहितीपुस्तिका त्याच्याकडे. मी पहिल्यांदा नुसतं ए-टी लिहिलं, पुढे काही नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, ओके. आमच्या शाळेत कवायतीचे गुरुजी असेच सावधान म्हणून पुढचं विसरून जायचे, आणि आम्ही तसेच उभे राहायचो. माय मागे उभी होती. ओके म्हणजे काय ते तिने विचारून घेतलं, आणि मागाच्या दिशेने, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुह्या बापापेक्षा बरा हाये. विचारलं का उत्तर तरी देते."

पहिल्या प्रयत्नात भावाने हँडल फिरवलं आणि आम्ही मोडेमला नागपूरचा नंबर लावायला सांगितला. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. ती पुस्तिका लिहिणाऱ्याने नत्थूजींना पाहिलेलं नव्हतं. मोडेमच्या पोटातून टकटक असा आवाज येऊ लागला, आणि त्याच पोटातून नत्थूजी बोलू लागले, बोला जी, कोन होय, हॅलो. मोडेम त्यांच्याकडे लक्ष न देता टकटक करत राहिला, थोडा वेळ थांबला आणि फोन ठेवून मोकळा झाला. पडद्यावर आलं, नो कॅरियर. बाबा माग थांबवून पाहायला आले होते. त्यांनी अर्थ विचारला. मला तेव्हा शुद्ध मराठीची फार हौस. मी म्हटलं, वाहक नाही. बाबांनी वाहक हा शब्द फक्त एसटीत, कंडक्टरच्या सीटवर लिहिलेला वाचला होता.

"मंग कंडक्टरबगर गाडी काहून काढली?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा मागावर जाऊन बसले.

भावाने हट्टाने दिवसभर तेच केलं. संध्याकाळी नत्थूजी ड्युटी संपवून सरळ आमच्या दारात. आत यायला तयार नाहीत. बाबांना म्हणाले, "वामनजी, तुमच्या घरून फोन उचलते, दात खाते, अन् ठेवून देते. मी माणूस होय का कोण होय? तुमाले राग आला असंल तं तोंडावर बोला." बाबांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, मायने चहा ठेवला, आणि भावाने सगळा प्रकार सांगितला. नत्थूजींनी मोडेमकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ऐकून घ्यायची सवय होती, आणि हा डबा बोलत नव्हता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की हा डबा काय बोलतो ते आपल्याला समजेल का. भाऊ नाही म्हणाला. नत्थूजींचा चेहरा पडला. गावातलं एक बोलणं त्यांच्या कानावरून जाणार आणि त्यांना कळणार नाही, असं पहिल्यांदाच होणार होतं.

मग दुसरी रीत ठरली. भावाने हँडल फिरवून नत्थूजींकडे नागपूर मागायचं, तिकडे ऑफिसातल्या माणसाशी बोलायचं, आणि दोघं तयार झाले की मी ए-टी-डी एवढंच लिहायचं, नंबर न देता. म्हणजे मोडेमने लावायचं काहीच नाही, लावलेल्या फोनवर बोलणं तेवढं सुरू करायचं. हे जमलं. त्या डब्यातून जी किंकाळी निघाली ती मी आयुष्यात विसरले नाही. माय चुलीवरून पळत आली, बाबांच्या हातातला धोटा सुटला. मग आवाज शांत झाला आणि पडद्यावर कनेक्ट असं आलं. भाऊ लहान पोरासारखा हसला. मिलचे आकडे एकेक ओळ जाऊ लागले, आणि नत्थूजी म्हणाले, "हॅलो, तीन मिनिटं झाले, चालू ठेवू का?" आणि नो कॅरियर.

भाऊ एक्स्चेंजमध्ये जाऊन त्यांना समजावून आला. ते मान हलवून हो म्हणाले आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनी विचारलं. त्यांचंही चूक नव्हतं. न विचारता लाइन चालू ठेवली आणि उद्या तुमचीच तक्रार आली तर, असं ते म्हणत. पण खरं कारण ते नव्हतं. ते मधूनमधून उगाच बोर्डावरची ऐकायची चावी ओढून ऐकतही होते, काही कळतं का म्हणून. त्यांनी चावी ओढली की लाइनवरचा आवाज बसायचा आणि मोडेमला वाटायचं, पलीकडचा गेला.

भावाने पुस्तिका पुन्हा वाचायला घेतली, आणि त्याला एक आज्ञा सापडली. पलीकडचा आवाज बंद झाल्यावर मोडेमने किती वेळ वाट पाहावी आणि मग आशा सोडून फोन ठेवावा, हे एका आकड्याने ठरवता येत होतं. कारखान्यातून येताना तो आकडा अगदी लहान असे, डोळा मिटून उघडेपर्यंतचा. आम्ही तो वाढवला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, एक ओळ लिहिली आणि ओके आलं. आता कधीकधी वाटतं की अशी सोय माणसात असती, तर मी माझा आकडा कुठे ठेवला असता. पण हा विचार म्हातारपणाचा आहे. त्या दिवशी मी फक्त टाइप केलं.

आता लाइन तुटेना. नत्थूजी विचारून घ्यायचे, मोडेम त्यांचं बोलणं होईपर्यंत थांबायचा आणि पुढे सुरू व्हायचा. पण भावाने नागपूरला पोचलेली यादी तिकडच्या माणसाकडून फोनवर वाचून घेतली तेव्हा नवीनच घोटाळा निघाला. नत्थूजींचं बोलणं मोडेमला आवाजच वाटत होता, आणि आवाज म्हटला की त्याचं अक्षर करायचं हे त्याचं काम. त्यामुळे बारीक तांदळाच्या पोत्यांच्या ओळीत मध्येच कंस, नागमोडी रेघा आणि एक डॉलरचं चिन्ह आलं होतं. कोंड्याच्या ओळीतही तेच. आमच्याही पडद्यावर तसलीच चिन्हं उमटली होती, ती भावाने मला दाखवली, "हे पाय सुमे, हे हॅलो. अन् हे चालू ठेवू का." मी हसले. तो हसला नाही. साहेबाने सांगून टाकलं होतं की येत्या रविवारी सकाळी आपण स्वतः ऑफिसात बसणार, त्या वेळी यादी एकही चूक न होता आली तर ठीक, नाही तर हा खेळ बंद.

त्या रात्रीच्या जेवणात माय पहिल्यांदाच गप्प होती. भाऊ भात चिवडत बसला होता. नत्थूजींना पुन्हा सांगून उपयोग नव्हता. ते हो म्हणायचे आणि सवयीने बोलून जायचे. बाबांनी जेवण संपवलं, ताटात हात धुतला आणि म्हणाले, "रविवारी मी जाऊन बसतो तिथं. मी बोलत राहिलो तं तो ऐकत राहीन. त्याले ऐकाले कायतरी पाह्यजे, बस."

बाबा, आणि बोलत राहणार. मायने विचारलं, "तुमी काय बोलसान?"

"पाहू," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी मायने लाखोळीचे वडे तळले आणि डबा भरून त्यांच्याजवळ दिला. वडा तोंडात असला म्हणजे हॅलो निघत नाही, हा तिचा हिशेब. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि सोयरिकीला निघाल्यासारखे डबा घेऊन निघाले. मागे माग बंद होता. घर इतकं शांत मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ठरल्या वेळी भावाने हँडल फिरवलं. नत्थूजींच्या 'बोला जी'मागे बाबांचा आवाज ऐकू येत होता. ते काहीतरी सांगत होते, सलग, आणि नत्थूजींनी घाईघाईने नागपूर जोडून दिलं. पलीकडे साहेब स्वतः. मी ए-टी-डी लिहिलं. किंकाळी झाली, कनेक्ट आलं, आणि आकडे जाऊ लागले. तीन मिनिटं होऊन गेली असावीत. कोणी काही विचारलं नाही. माय पदराचं टोक दातात धरून उभी. यादीतली शेवटची ओळ गेली, आणि तरीही कोणी काही विचारलं नाही.

मग पडद्यावर पलीकडून एकेक अक्षर उमटू लागलं. साहेब टाइप करत होते, एका बोटाने असणार. पहिली ओळ अशी, की यादी बिनचूक आली, अभिनंदन. भावाच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी लपवणार नाही, तो खरा होता. मग दुसरी ओळ आली. असल्या हाताने चालणाऱ्या एक्स्चेंजवर लाइन उभी करून दाखवणारा माणूस सबंध कंपनीत नाही, हेड ऑफिसला अशा माणसाची फार गरज आहे, देशात ठिकठिकाणी हीच अडचण आहे. तिसऱ्या ओळीत हैदराबाद होतं, आणि कधी निघायचं ते. मोहाडीला आता कोणीही बसवता येईल, असंही पुढे होतं. आमच्या घरी तारेवरून आलेला हा पहिला मजकूर. गावातला तो पहिला निरोप जो नत्थूजींना कळला नाही.

मायला इंग्रजी येत नव्हतं. तिने फक्त पहिल्या ओळीनंतरचा भावाचा चेहरा पाहिला होता आणि ती गूळ आणायला आत गेली. भाऊ मला हळूच म्हणाला, "आत्ता नोको सांगू."

बाबा दुपारी परतले, डबा रिकामा. इतकं बोलून त्यांचा आवाज बसला होता. लागला का, एवढंच त्यांनी विचारलं. भाऊ लागला म्हणाला. मग बाबांनी जे सांगितलं ते ऐकताना भाऊ जमिनीकडे पाहत होता. बोलायला काही नव्हतं, म्हणून बाबांनी नत्थूजींना मधुकर आता इथेच राहणार हे सांगितलं. नत्थूजींनी विचारलं, मागाच्या खटखटीत तो बसणार कुठे? मग दोघांनी मिळून एक्स्चेंजमध्ये बसल्या बसल्याच घराला लागून एक खोली बांधली, तोंडाने. रस्त्याच्या बाजूला, एक खिडकी, एक दार. नत्थूजींनी गवंड्याचं नाव सांगितलं, आणि परत येताना बाबा गवंड्याकडे होऊनच आले होते. एका दिवसात माझ्या बापाने एवढी कामं केलेली मी पाहिली नव्हती. भावाला तेव्हाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन हजर. दोरीचं दुसरं टोक भावानेच धरलं. खिडकी कुठे, टेबल कुठे, फोनचा पॉइंट किती उंचीवर, सगळं त्याने नीट सांगितलं. गवंड्याने खोदायला सुरुवात केली. पाया गुडघाभर झाल्यावर भाऊ बाबांजवळ गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, मले हैदराबादले पाठवून राहिले."

"काहून? लाइन तं लागली."

"लागली म्हणूनच."

आतून मायच्या हातातलं भांडं पडलं, म्हणजे तिने ऐकलं होतं. गवंडी हात थांबवून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मंग काय करू जी? बुजवू का?"

"खोदलं आता," बाबा म्हणाले. "बुजवलं तं लोक विचारतीन. बांध."

म्हणून ती खोली झाली. भाऊ हैदराबादहून पुढे गेला, तिथून आणखी पुढे, मग देशाबाहेर. जिथे लाइन उभी राहत नसे तिथे त्याला पाठवत, आणि ती उभी राहिली की तिथलं त्याचं काम संपे. मोहाडीला कंपनीने शेवटपर्यंत कोणालाच बसवलं नाही. खोलीत बाबांनी कोशाच्या लडी ठेवायला सुरुवात केली, पण खिडकीजवळची टेबलाची जागा रिकामी ठेवली, आणि घरात सगळे तिला ऑफिस म्हणत. भाऊ रजेवर आला की तिथेच खाट टाकून निजायचा. जेवणाच्या वेळी माय दारात येऊन उभी राहायची, आत न जाता, आणि विचारायची, "मधू, ऑफिसात जेवतं का इकडे येतं?"